रिटायर झाल्यावर धुणंभांड्याची बाई ठेवायची की सोडायची?

अकरावी_गल्ली · शनिवार, रात्री ९:५०

नमस्कार. बरीच वर्षं इथं नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय किरकोळ वाटेल, पण आमच्यात गेले तीन आठवडे रात्रीची जेवणं झाली की यावरच खल सुरू होतो.

मी मेअखेर निवृत्त झाले. अनुदानित शाळेत ३१ वर्षं. नेमणूक १ नोव्हेंबर २००५ च्या कितीतरी आधीची, त्यामुळं जुनी पेन्शन आहे, अंबाबाईची कृपा. पण ४० टक्के विकून टाकलीय (त्याचे एकरकमी पैसे घेतले), म्हणजे पुढची १५ वर्षं हातात येणार ती कापूनच. मिस्टर दोन वर्षांपूर्वी साखर कारखान्यातून बाहेर पडले. त्यांची पीएफच्या ९५ च्या योजनेची पेन्शन महिना तीन हजारांच्या आत. मुलगी नाशिकला दिलीय, मुलगा बेंगळुरूत. राजारामपुरीतल्या घरात आम्ही दोघंच.

आक्का आमच्याकडं १९ वर्षं आहेत. भांडी, केर आणि फरशी मिळून २६०० रुपये. कपडे मशीनला. शिवाय चपात्यांना एक ताई यायच्या, त्यांचे १८००. मिस्टरांनी कारखान्यातल्या सवयीनं कागदावर मांडलं: महिन्याचे ४४००, वर्षाचे ५२,८००, वर दिवाळीला एकेक पगार, म्हणजे ५७,२००. "दोन माणसांची चार ताटं धुवायला सत्तावन्न हजार?" असं म्हणून चष्मा काढून माझ्याकडं बघत बसले.

चपात्यांचं सोपं गेलं. मला चपात्या करायला आवडतात, आणि त्या ताईंना कामाला तोटा नाही. सांगितलं तर "बरं काकू" म्हणाल्या आणि पुढच्या सोमवारपासून दुसरं घर धरलं. घोडं अडलंय आक्कांपाशी.

गंमत म्हणजे १९ वर्षांत मी आक्कांना काम करताना कधी बघितलंच नव्हतं. मी सातच्या शाळेला, त्या नवाला यायच्या, किल्ली त्यांच्याकडंच. जूनपासून बघतेय. आधी स्टीलची, कढई-तवा अगदी शेवटी. वाट्या पालथ्या घालून त्यावर पेले, पेल्यांवर डाव-पळ्या, अशी उतरंड रचतात की वाटतं आता सगळं खाली येणार. येत नाही. मी मध्येच चहाचं पातेलं ठेवायला गेले की म्हणतात, "बाई, तुमी भायर बसा की जरा. मला सुचंना झालंय." माझ्याच स्वयंपाकघरातून मला बाहेर काढतात!

मिस्टरांचं म्हणणं असं: भांडी आपण दोघं घासू, फरशी तेवढी आक्कांकडं ठेवू, पगार निम्मा करू. मला गुडघ्यामुळं खाली बसायची मनाई आहे, त्यामुळं हिशेब पटतोही. पण १९ वर्षांच्या माणसाला "उद्यापासून निम्मं" हे सांगायला तोंड उघडत नाही. कुणी या फेऱ्यातून गेलंय का?

कटाची_आमटी · रात्री १०:०५

मिस्टर भांडी घासणार हे स्टँपपेपरवर घेतलंय का?

पेठेतला_पैलवान · रात्री १०:२१

ताई, आमच्यात बी सेम झालतं. वडील रिटायर झाले आनि पयल्याच आठवड्यात म्हनाले, बाई बंद, मी हाय की. आठ दिवस घासली, खोटं का बोला. नवव्या दिवशी गंगावेशीत दूध कट्ट्यावर जुनी मंडळी भेटली, मग रोज तिकडंच. भांडी आईच्या गळ्यात. आई काय बोलली न्हाई. फकस्त रश्शाचं पातेलं दोन दिवस तसंच ठेवलं. वास सुटला तवा बाई परत आली.

सम्राटनगर_बी२ · रविवार, सकाळी ७:४०

अकरावी गल्ली, घाई करू नका. बाई सोडायला एक मिनिट पुरतं, पण तिची वेळ परत मिळत नाही.

आमचे हे निवृत्त झाल्यावर आम्ही हाच शहाणपणा केला. २००० रुपयांची बाई बंद केली. सात महिने मजेत गेले, १४,००० वाचले म्हणून मी खुशीत. मग बाथरूमच्या दारात पाय सटकला आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. जुन्या मावशींना फोन केला तर त्यांची सकाळची नवाची वेळ दुसऱ्या घरी गेलेली. म्हणाल्या, दुपारी अडीचला येते. दुपारी अडीचला! रात्रीची आणि सकाळची खरकटी तोवर सिंकमध्ये. शेवटी दुसरी बाई बघितली, तिनं त्याच कामाचे ३२०० सांगितले, तेच द्यावे लागले. म्हणजे दरमहा १२०० जास्त. वाचवलेले चौदा हजार वर्षाच्या आत गेले, आणि त्या जुन्या मावशींना माझा डबा कुठला, कुकरची रिंग कुठं ठेवायची हे सगळं पाठ होतं, ते वेगळंच.

हिशेबी_माणूस · सकाळी ८:१५

भावनेत वाहून जायचं कारण नाही. पेन्शनर माणसानं पहिला खर्च हाच कापायला हवा. पहाटे उठून रंकाळ्याला फेऱ्या मारायच्या आणि घरी आल्यावर चहाचा कप विसळायला बाई, याला काय अर्थ आहे? घरकाम हाच व्यायाम. मी ६६ चा आहे, घरातलं सगळं मी करतो. शिवाय लाडकी बहीण आल्यापासून बायका काम करायला तयारच नाहीत, खाडे किती करतात बघा.

कळंबा_रोड · सकाळी ८:३२

"सगळं मी करतो" म्हणजे नेमकं काय, ते जरा यादी करून लिहा. बाथरूमची फरशी धरून. आणि प्रतिसाद तुमच्या घरातल्यांना वाचून दाखवून मग टाका.

लाडक्या बहिणीचे महिन्याला १५०० मिळतात. दीड हजारात कुणाचं घर चालतंय? आमच्या मावशींचा तेवढा तर बचत गटाचा आणि फायनान्सचा हप्ताच जातो. बायका मिळत नाहीत याचं कारण जरा बाहेर पडून बघा. मॉलला आणि हॉस्पिटलात हाऊसकीपिंगला लागल्यात त्या, पीएफ कापला जातो, आठवड्याची सुट्टी मिळते, कुणी "खाडा" म्हणत नाही.

गुडघे_आणि_कंबर · सकाळी ९:५५

पेशानं फिजिओ आहे, म्हणून मध्ये बोलते. व्यायामाचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम जोराची हालचाल सांगते, आणि पासष्टीनंतर तोल सांभाळायचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस. त्यात घरकाम धरलं तरी चालतं, पण सगळं घरकाम एकसारखं नाही. ओट्यापाशी उभं राहून भांडी घासायला गुडघ्याला फारसा त्रास नाही, ओटा बेताच्या उंचीचा असला म्हणजे झालं. उकिडवं बसून फरशी पुसणं मात्र झीज झालेल्या गुडघ्याला वैऱ्यासारखं. माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या बायका शिक्षिका नाहीत हो, फरशीवाल्या मावशी आहेत. पंधरा दिवसांत बरं करा म्हणतात, आणि त्याच दिवशी सहा घरांची फरशी पुसतात.

अकरावी गल्ली, आक्कांचं वय काय आहे?

अकरावी_गल्ली · सकाळी १०:३०

चोपन्न. माझ्याहून चार वर्षांनी लहान. दिसतात मात्र मोठ्या.

@कटाची_आमटी, स्टँपपेपरचं मिस्टरांना वाचून दाखवलं. हसले नाहीत.

यंत्रयुग · सकाळी ११:१०

डिशवॉशर घ्या, प्रश्न मिटला. दोन वर्षं वापरतोय. एका खेपेला साधारण १० लिटर पाणी लागतं, आपण नळाखाली याच्या कितीतरी पट घालवतो. दोघांची दोन दिवसांची भांडी साठवायची, रात्री लावायचं, सकाळी कोरडी.

आता खरं सांगतो. बोअरचं पाणी असेल तर मशीनचं मीठ वेळच्या वेळी भरावं लागतं, नाहीतर पेल्यांवर पांढरे डाग. ॲल्युमिनियमचं पातेलं घालू नका, काळं पडतं. लोखंडी तवा, बिडाचं काहीही, पितळ-तांबं हातानंच. मटणाच्या दिवशी पातेल्याचा तवंग आधी कागदानं पुसून घ्यायचा. आणि दोन दिवस साठवायची म्हणजे तेवढे पेले-वाट्या घरात हव्यात. आमच्या आईनं यासाठी नवीन वाट्यांचा डझन घेतला. आणि मशीन फरशी पुसत नाही. पुसणारा रोबो वेगळा मिळतो, तो आमच्या उंबऱ्यापाशी अडून ओरडत बसतो.

हिंजवडीतून · दुपारी १:०५

मी मुलाच्या बाजूनं लिहितो. आई शिवाजी पेठेत एकटी, ७१ वर्षांची. तिला वाटतं एका ताटाला बाई कशाला. मी भांडून मावशी चालू ठेवल्यात, पैसे मी पाठवतो.

गेल्या वर्षी मावशी साडेसातला आल्या, बेल वाजवली, दार उघडेना. रोज तिसऱ्या बेलला आई "आले गं" म्हणते, त्या दिवशी म्हटलं नाही. त्यांनी शेजारच्या काकांना उठवलं, मागच्या दारानं आत गेले. साखर उतरून आई मोरीपाशी बसून राहिलेली, शुद्धीवर होती पण उठता येईना. मी पुण्यात सकाळच्या मीटिंगमध्ये. मी फोन करणार होतो रात्री नवाला. त्या दिवसापासून भांडी किती, हा हिशेब मी सोडून दिला.

हिशेबी_माणूस · दुपारी १:४०

त्यासाठी शेजारी असतात. फोनही असतात.

कळंबा_रोड · दुपारी १:४४

यादी आली नाही अजून.

फाईल_नंबर · दुपारी ३:२०

थोडी कायद्याची माहिती, कारण धाग्यावर कुणी काढलेली नाही. (कामगार खात्यात आयुष्य गेलं, आता माझ्याकडंही एक मावशी येतात.)

महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे. १८ ते ६० वयाच्या घरकाम करणाऱ्यांची त्यात नोंदणी होते. नोंद चालू असेल आणि ५५ वर्षं पूर्ण असतील तर १०,००० रुपये सन्मानधनाची योजना आहे. अकरावी गल्ली, तुमच्या आक्का ५४ च्या आहेत म्हणताय. नोंदणी नसेल तर आत्ताच करा, साठी उलटली की दार बंद. आमच्या मावशींसाठी मी कामाचा दाखला साध्या कागदावर लिहून दिला होता. ई-श्रमचं (असंघटित कामगारांच्या नोंदणीचं) कार्डही काढून घ्या, ते ५९ पर्यंतच निघतं. चपात्यांच्या ताई चाळिशीच्या आत असतील तर त्यांना श्रमयोगी मानधनची पेन्शन सांगा: वयाप्रमाणं महिना ५५ ते २०० रुपये भरायचे, तेवढेच सरकार घालतं, साठीनंतर महिना ३०००. चाळिशी ओलांडली की त्यात शिरता येत नाही.

राहिली ग्रॅच्युइटी. १९७२ चा कायदा (नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली) दहा आणि अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनांना होता, घराला तो लागत नव्हता आणि आताही लागत नाही. पण त्यातलं गणित वापरायला कुणाची परवानगी लागत नाही. शेवटचा पगार गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. २६०० ला बरोबर १५०० येतात, आणि १९ वर्षांचे २८,५००.

हिशेबी_माणूस · दुपारी ३:५१

म्हणजे खर्च वाचवायला गेलेल्या माणसाला तुम्ही अठ्ठावीस हजारांचा खड्डा पाडून दिलात. कायद्यात नाही ना, मग विषय संपला. दिवाळीला बोनस देतात, साडी देतात, कोरोनात पगार दिला असेलच. अजून किती?

फाईल_नंबर · दुपारी ४:०२

मी द्याच असं कुठं म्हटलं? रक्कम सांगितली.

अकरावी_गल्ली · रात्री ९:१५

सगळ्यांचे प्रतिसाद मिस्टरांनी वाचले. फाईल नंबर यांचं गणित त्यांनी कागदावर दोनदा करून बघितलं आणि म्हणाले, "बरोबर आहे." पुढं काही बोलले नाहीत. त्यांना कारखान्यातून सुटताना ग्रॅच्युइटी उशिरा मिळाली होती, तेव्हा आठ महिने घरात कुणाला बोलायची सोय नव्हती.

कोरोनात आम्ही चार महिने पगार दिला, हे खरं. मी ते सांगतही फिरले असेन. पण २०१९ च्या महापुराचं कुणी काढत नाही आमच्यात. आक्का सुतारवाड्यात राहतात. पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ ला धोका, पण सुतारवाड्यातली माणसं आकड्याची वाट बघत बसत नाहीत, गठुडं आधीच बांधलेलं असतं. त्या वर्षी सगळे चित्रदुर्ग मठात. राजारामपुरी उंचावर, आम्हाला पुराचं पाणी नाही, पण उपसा केंद्रं बुडाल्यामुळं नळालाही पाणी नाही. मी पाठदुखीनं पडलेली, मिस्टर कारखान्यावर अडकलेले. टँकर आला कळल्यावर आक्का मठातून चालत आल्या, सात घागरी भरल्या आणि परत गेल्या. स्वतःचं घर पाण्यात असताना. मी त्या महिन्याचा पगार पुरा दिला होता, आणि तेव्हा मला वाटलं होतं की मीच उपकार केला.

उद्या बोलते त्यांच्याशी. निम्म्याचं काही ठरलेलं नाही अजून.

पेठेतला_पैलवान · रात्री ९:४०

बोला ताई. चा पाजून बोला.

सम्राटनगर_बी२ · रात्री ९:५२

वेळ सोडू नका त्यांची. बाकी काहीही करा.

अकरावी_गल्ली · बुधवार, दुपारी १२:२०

झालं बोलणं. लिहायला दोन दिवस लागले कारण अजून पचलेलं नाही.

सोमवारी भांडी झाल्यावर चहा ठेवला आणि मागच्या पायरीवर दोघी बसलो. आक्का बशीतनं चहा पितात. मी म्हटलं, "आक्का, एक बोलायचं होतं."

"मलाबी. तुमी आदी बोला."

"नको, तुम्हीच आधी."

त्यांनी बशी खाली ठेवली. "बाई, रागाला येऊ नगा. मी फरशी सोडतो. भांडी करतो, केर काडतो, पर फरशी आता न्हाई हुईत. ह्यो बगा." आणि लुगड्याचा काठ जरा वर केला. गुडघा सुजून वाटीएवढा, त्यावर तेल लावून रुईचं पान बांधलेलं. "दोन म्हैनं झालं सांगीन म्हनतोय. पर तुमी नुकत्याच घरी बसल्यासा. वाटलं, म्हनशीला, बाई रिटायर झाली आनि आक्कानं लगेच अंग काडलं."

म्हणजे आम्ही तीन आठवडे कागद करत होतो की भांडी आपण आणि फरशी आक्कांकडं, आणि त्या दोन महिने मनात धरून होत्या की भांडी त्यांच्याकडं आणि फरशी आमची. मी हसायला लागले, त्यांना कळेना काय झालं. मग मी माझा गुडघा दाखवला.

पगाराचं त्यांनीच काढलं. "सहाशे कमी द्या." आतून मिस्टर म्हणाले, "राहू दे तेवढाच." मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मग बाहेर येऊन खुलासा केला: २००० हातात द्यायचे, ६०० बाजूला टाकायचे, त्यांच्या नावानं. आणि ते २८,५००. आक्कांना एवढा आकडा सांगितल्यावर त्या गप्प झाल्या. मला वाटलं डोळ्यांत पाणी येईल, तसं काही झालं नाही. म्हणाल्या, "आत्ता देऊ नगा. घरात आलं की पोरगा गाडी काडंल. तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. मी मागीन तवा द्या, आनि एका दमात देऊ नगा." मिस्टरांनी डायरीत आक्कांचं वेगळं पान घातलंय.

कामगार कार्यालयात शुक्रवारी जातोय दोघी. आधारवरची जन्मतारीख बघितली, मार्चमध्ये ५५ पूर्ण होतात. फाईल नंबर, तुमचे आभार.

फाईल_नंबर · दुपारी १२:४८

डायरीचं पान ठीक, पण तुमच्या दोघांच्या माघारी ते पान कोण वाचणार? पोस्टात त्यांच्या नावानं रिकरिंग काढा, महिना १०० पासून चालतं. पुस्तक हवं तर तुमच्याकडं ठेवा, वारस त्या सांगतील तो लावा.

अकरावी_गल्ली · दुपारी १:०३

हे सुचलंच नव्हतं. ६०० चं रिकरिंग काढतो, पुस्तक माझ्या कपाटात.

हिशेबी_माणूस · दुपारी १:३०

म्हणजे वाचले किती? चपात्यांचे १८०० सोडून शून्य. वर फरशी राहिलीच.

कळंबा_रोड · दुपारी १:३१

यादी.

गुडघे_आणि_कंबर · दुपारी २:१०

आक्कांना घेऊन या एकदा, फी नको. आणि खरंच, फरशी कोण पुसतंय आता?

अकरावी_गल्ली · दुपारी २:४५

मिस्टर. दांड्याचा मॉप आणलाय, पिळायची बादली असते तो. उभ्यानं होतं, वाकावं लागत नाही. पहिल्या दिवशी बादलीत फिनेल इतकं ओतलं की दिवसभर घराला दवाखान्याचा वास. काल आक्का भांडी करता करता ओट्यावरून मान वळवून बघत होत्या. बराच वेळ गप्प राहिल्या, मग राहवलं नाही. "सायेब, दाराच्या मागं ऱ्हायलं." मिस्टर मुकाट्यानं परत गेले आणि दाराच्या मागं पुसून आले. अडतीस वर्षांच्या संसारात मी सांगून कधी गेले नाहीत.

कटाची_आमटी · दुपारी ३:००

स्टँपपेपर वाचला म्हणायचा.

पेठेतला_पैलवान · दुपारी ३:१२

ताई, मॉप कधीपासनं सुरू केलाय? नववा दिवस कधी हाय?

अकरावी_गल्ली · दुपारी ३:२०

कालपासून. म्हणजे पुढच्या बुधवारी. दूध कट्ट्याचं नाव काढलं की कळवते.